रान राखायला पैसे द्यायचे, पण नेमके कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, नोकरी पुण्यात. गावातल्या पाच-सहा घरांकडे मिळून चाळीसेक एकर जुनं रान आहे आणि दिवाळीपासून लाकडाचा ठेकेदार घरोघरी बसायला येऊ लागलाय. तुम्ही आठ-दहा मित्र, त्यातले दोघे न्यू जर्सीत, मिळून वर्षाला अडीच लाख रुपये काढू शकता. 'रान न तोडण्यासाठी शेतकऱ्यांना एकरी किती द्यावेत आणि करार कसा करावा?' असं तुम्ही विचारलंय.

एकरी किती, हे शेवटाकडे सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात मी अठरा वर्षं हेच काम करतोय. दरावरून करार फसला असं क्वचित पाहिलं, बाकीच्या गोष्टींवरून फसलेले बरेच पाहिले.

सगळ्यात आधी एक गैरसमज. गावातले लोक रान तोडतात ते हावेपोटी किंवा अडाणीपणाने, असं शहरात बसून वाटतं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फारच थोडं, बहुतेक रान लोकांच्या सातबाऱ्यावरचं आहे. ते रान म्हणजे घराची बँक असते. दर वर्षी त्यातून पैसे काढत नाहीत. मुलीचं लग्न, घराची कौलं, कोर्टाची केस, दवाखाना अशी वेळ आली की काढतात. ठेकेदाराला हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. कोणाच्या घरी काय अडलंय याची बातमी त्याच्याकडे आधी पोहोचते. तो येतो, रानातून एक फेरी मारतो, उक्तं ठरवतो आणि त्याच संध्याकाळी हातात उचल ठेवतो.

हे मला चौथ्या वर्षी कळलं. देवरुखच्या बाजूला एका काकांशी आमचा दहा वर्षांचा करार होता. पाच एकर रान, दर वर्षी जूनमध्ये ठरलेली रक्कम, काका कराराला अगदी पक्के. एका जानेवारीत त्यांच्या मुलाला गाडीने उडवलं. दवाखान्याने आधी पैसे भरायला सांगितले. ठेकेदाराने पाच एकरांचे नव्वद हजार ठरवले आणि साठ हजार तिथेच मोजून दिले. नऊ दिवस कटरचा आवाज खालच्या वाडीपर्यंत येत होता. दहाव्या दिवशी काका स्वतः माझ्याकडे आले, पिशवीतून त्या वर्षीचे आमचे पैसे काढले आणि म्हणाले, "हे परत घ्या, मी शब्द मोडला." आम्ही त्यांना वर्षाला दहा हजार देत होतो. त्या आठवड्यात त्या दहा हजारांचा त्यांना काही उपयोग नव्हता. चूक माझ्या कराराची होती. वर्षाला थोडे थोडे देऊन मी असा प्रश्न सोडवत होतो, जो त्यांच्यापुढे नव्हताच.

त्यानंतर आमच्या प्रत्येक करारात 'अडीनडीची उचल' हे कलम असतं. मालकाला खरी अडचण आली की पुढच्या तीन वर्षांपर्यंतचे हप्ते एकदम मागता येतात आणि आम्ही ते चार दिवसांच्या आत खात्यात टाकतो. हे कर्ज नाही, व्याज नाही, त्याचेच पैसे त्याला आधी मिळतात. शिवाय दोन-तीन घरांना एकाच वेळी लागले तर पुरावेत म्हणून निधी बाजूला राखलेला असतो. तुमच्या अडीच लाखांतला सगळ्यात महत्त्वाचा भाग माझ्या मते हाच. चार दिवसांचा शब्द मात्र पाळावा लागतो. पुण्यात बैठक घेऊन, सगळ्यांची संमती मिळवून पंधराव्या दिवशी पैसे पाठवणार असाल, तर तोवर लाकूड गाडीत भरलेलं असेल. पैसा नेमका कशाचा, हे स्वच्छ दिसणंही तितकंच मोलाचं ठरतं, ते किनाऱ्यावर बघा. जाळ्यात कासव किंवा डॉल्फिनसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर फाटलेल्या जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य सरकारने डिसेंबर २०१८मध्ये सुरू केली. त्यात व्याख्यान नाही. नुकसान काय झालं ते फोटोतून दिसतं आणि तेवढ्याचेच पैसे मिळतात. मच्छीमाराला हा व्यवहार लगेच कळतो.

आता दर. हा भाग परिस्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळे माझा आकडा उचलू नका, हिशेबाची पद्धत उचला. काकांच्या रानाचे एकरी अठरा हजार आले. ऐन, किंजळ तोडले तरी बुंध्यातून फुटतात आणि पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा ठेकेदाराला चालण्याजोगे होतात. म्हणजे अठरा हजार भागिले पंधरा, वर्षाला एकरी बाराशे. पण ठेकेदार पंधरा वर्षांचे पैसे आज देतो आणि तुम्ही हप्त्याने देणार, म्हणून त्याच्या दीडपट ते दुप्पट द्यावे लागतात. तुमच्या गावात रस्ता रानापर्यंत जात असेल तर भाव जास्त असेल, डोक्यावरून लाकूड वाहावं लागत असेल तर कमी. गेल्या दोन वर्षांत शेजारच्या वाडीत काय भाव फुटला, ते चहाच्या टपरीवर अर्ध्या तासात कळतं.

मात्र एका बाबतीत हा हिशेब कोलमडतो. मालक नुसतं लाकूड विकून थांबणार नसेल, रान साफ करून वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ काजू लावणार असेल, तर तुम्ही त्याला पैशाने थांबवू शकणार नाही. लागती काजूची बाग एकरी जे देते, त्याच्या आसपासही तुमची रक्कम जात नाही, आणि जावी असा हट्टही धरू नका. त्याला खुशाल काजू लावू द्या, पण पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही काठांची पट्टी, तीव्र उतार आणि जुनी मोठी झाडं मागून घ्या. तीव्र उतारावर काजूची बाग सांभाळणं सोपं नाही हे त्यालाही ठाऊक असतं. माझे सगळ्यात टिकलेले करार असे अर्धेमुर्धेच आहेत.

दुसरा नाजूक प्रश्न म्हणजे पैसे कोणाला द्यायचे. तुमच्या पाच-सहा घरांत एक तरी घर असं असेल जे काही झालं तरी रान तोडणार नाही. पोरं मुंबईत बऱ्या पगारावर असतात, म्हाताऱ्याला झाडांचा लळा असतो. कागदावर तुमचा पैसा तिथे वाया जातो, कारण ते रान फुकटही राहिलं असतं. पण त्याला वगळलंत तर गावात निरोप असा जातो की ठेकेदाराला घरी बोलावणाऱ्यालाच पैसे मिळतात. पुढच्या वर्षी सगळेच ठेकेदाराला बोलावतील. मी अशा घराला कमी दराने का होईना, सामील करून घेतो. उलट ज्याचं रान दोन वर्षांत जाणार हे उघड दिसतंय, त्याच्या दारात आधी जातो. युगांडात १२१ गावांत यावर रीतसर प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१७ साली छापून आला. काही गावांत खाजगी रानाच्या मालकांना न तोडण्यासाठी हेक्टरी वर्षाला २८ डॉलर देऊ केले, काही गावांत काहीच नाही. दोन वर्षांत पैसे नसलेल्या गावांतलं झाडांचं आच्छादन ९.१ टक्क्यांनी घटलं, पैसे मिळालेल्या गावांत ४.२ टक्क्यांनी. म्हणजे पैशाने तोड निम्म्यावर आली, पण थांबली नाही. एवढीच अपेक्षा ठेवून कामाला लागा. सुटं सुटं रान घेऊ नका, एक सलग डोंगरउतार घ्या. नाहीतर ठेकेदार तुमचे सहा एकर सोडून बाजूचे सहा एकर घेतो.

आता कागद. इथे घाई करू नका. पहिलं काम सातबारा. चाळीस एकरांच्या उताऱ्यांवर तुम्हाला पंधरा-वीस नावं सापडतील. त्यातली चार मयत, वारस लागलेले नाहीत, दोन आत्या लग्न होऊन चिपळूणला, एक चुलते बोरिवलीत. गावात राहणारा भाऊ रान सांभाळतो आणि मुंबईचे चाकरमानी सही करतात, असं असलं तर पैसे कोणाच्या खात्यात हे आधीच लिहून घ्या. बहिणींचा हिस्सा कोणी मोजत नाही. तुम्ही मोजा, पुढची भांडणं वाचतात. मी सह्या गणपतीत घेतो. वर्षात तेच दिवस, ज्या दिवसांत सगळे हिस्सेदार एका पडवीत बसलेले सापडतात. शिमग्यालाही येतात, पण तोवर निम्मं रान विकून झालेलं असतं. 'इतर हक्क' रकान्यात खाजगी वनाचा शेरा आहे का, तेही बघा. १९७५च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशा कित्येक जमिनी ३० ऑगस्ट १९७५पासून सरकारकडे गेल्या आणि मालकाच्या घरी त्याचा पत्ताही नसतो. तसा शेरा असेल तर आधी वकील, मग करार.

'भाडेपट्टा' हा शब्द चुकूनही वापरू नका. कोकणात जमिनीच्या कोणत्याही कागदाला लोक घाबरतात ते कसणाऱ्याला जमिनीवर हक्क देणाऱ्या कुळकायद्यामुळे. "उद्या तुम्ही कूळ लावून घ्याल" ही भीती आजोबांच्या अनुभवातून आलेली असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. आमच्या करारात पहिलंच वाक्य असं असतं की जमिनीचा मालकी हक्क, ताबा आणि वहिवाट पूर्णपणे मालकाकडेच आहे, आम्ही जमीन घेत नाही, कसत नाही, खंडानेही घेत नाही. मालक एक काम करतो, रान राखतो, आणि त्या कामाचा मोबदला मिळतो. ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं की पडवीतली हवा बदलते. तोटा असा की हा करार माणसाशी आहे, जमिनीशी नाही. उद्या जमीन विकली तर नवा मालक बांधील नाही. अमेरिकेत जमिनीवरच कायमची अट नोंदवून ठेवायची जी सोय आहे, तसं साधं हत्यार आपल्याकडे नाही. म्हणून मी एवढंच लिहून घेतो की विकण्याआधी तीन महिने आम्हाला कळवायचं.

करारात काय करू नये याची लांब यादी करू नका. मेलेलं, पडलेलं लाकूड सरपणाला घ्यायचं, गुरं चारायची, शिकेकाई, रातांबे, फणस काढायचे, राब-पाचोळा न्यायचा, हे सगळं चालू राहील असं स्पष्ट लिहा. बंदी दोनच गोष्टींवर ठेवा. उभं झाड विकायचं नाही, आग लावायची नाही. घरच्या वाशाला एखादं झाड लागलं तर आधी सांगायचं. १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस अशी झाडं आहेत, ती तोडायला परवानगी लागते. पण ती परवानगी मिळतेही. 'कायदा आहे, मग पैसे कशाला?' असं एखाद्या मित्राने विचारलं तर हेच उत्तर द्या.

मोजणी मालकाबरोबरच करा. आम्ही शिंप्याची टेप नेतो. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीशी, खोडाचा घेर घ्यायचा. दीड मीटरच्या वर घेर असलेल्या प्रत्येक झाडावर पिवळ्या ऑइलपेंटने आकडा टाकायचा, वहीत त्याच आकड्यापुढे झाडाचं नाव आणि घेर. गेल्या वर्षी एका आजींच्या रानात मी २७ नंबर टाकायला गेलो तर त्या म्हणाल्या, "त्या बेहड्यावर रंग नको, तिथं गरुड बसतो." आमच्याकडे धनेशाला गरुड म्हणतात. वर बघितलं तर ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, मध्ये बोटभर फट, आणि बुंध्याशी बियांचा खच. आत मादी होती. आजींना ती ढोली त्यांच्या लग्नापासून माहीत होती. ऐन फुटतो, पंधरा वर्षांत पुन्हा उभा राहतो, पण धनेशाला पुरेल अशी बेहड्याची ढोली तेवढ्या वेळात होत नाही. म्हणून मोठ्या झाडांची मोजणी वेगळी ठेवा आणि तुमचं बजेट आखडलं तर एकरांचे पैसे कमी करा, या झाडांचे नको.

वणव्याचं थोडक्यात. रान राखायचे पैसे दिले आणि मार्चमध्ये सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, गवतातून आग उतरली तर दोष मालकाचा नसतो. वरच्या बाजूने जानेवारीअखेर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा, काढून घ्या आणि फेब्रुवारी ते मे गावातलीच दोन माणसं अर्ध्या दिवसाच्या पगारावर ठेवा. बाहेरचा रखवालदार नको.

तुम्ही शेवटी एक शंका काढली होती, पैसे देऊन आपण लोकांना बिघडवतोय का. देवराईच्या बाबतीत मी हो म्हणेन. एका गावात उत्साहाच्या भरात आम्ही देवराईलाही एकरी दर लावायला निघालो होतो. गावकरी म्हणाले, "देवाच्या रानाचे पैसे घेतले तर मग ते देवाचं कसं?" आम्ही गप्प बसलो. तिथे गावाने सांगितलं तेवढंच केलं, पडलेला दगडी गडगा बांधून दिला. पण खाजगी रानाची गोष्ट वेगळी. तिथे मालक आजवर वारा, पाणी, पाखरं आपल्या सगळ्यांना फुकट पुरवत आलाय आणि त्याचा खर्च एकटा सोसत आलाय. त्या खर्चातला वाटा उचलण्यात बिघडवणं कसलं?

किती वर्षं? दहा वर्षांपेक्षा कमी बोलू नका, आणि अकराव्या वर्षी काय, हे पहिल्या वर्षी विचारा. अमेरिकेत १९८५पासून सरकार शेतकऱ्यांना दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने जमीन पडीक ठेवून गवत-झाडं राखायचे वार्षिक पैसे देतं. २००७ साली अशी जमीन ३ कोटी ६८ लाख एकरांवर गेली होती. मग मक्याचे भाव चढले, करार संपत गेले आणि काही वर्षांत ती सुमारे अडीच कोटींवर आली. राखलेल्या गवतावर पुन्हा नांगर फिरला. कोस्टारिकाने हुशारी केली, १९९६च्या वनकायद्याने इंधनावरच्या करातून जंगलमालकांना पैसे द्यायची सोय केली, त्यामुळे तिथे देणगीदाराच्या उत्साहावर गाडी अडत नाही. तुमच्या मागे असा कर नाही. तेव्हा रानातून न तोडता काही उत्पन्न निघतं का, हे पहिल्या वर्षापासून बघा. सह्याद्रीत पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने शेतकऱ्यांशी रान राखण्याचे करार केले आणि हिरडा-बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड हे रानातला माल जपून गोळा केल्याचं प्रमाणपत्र मिळवून चांगला भाव आणला. फळ दर वर्षी विकलं जातं, त्यामुळे झाड उभं ठेवण्यातच मालकाचा फायदा होतो. तुमच्या रानात बेहडे किती, ते मोजणीत कळेलच.

न्यू जर्सीच्या मित्रांबद्दल. त्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असतील तर ते परदेशी देणगीत धरलं जात नाही. अमेरिकन नागरिक झाले असतील तर धरलं जातं, आणि त्यासाठी नोंदणी असलेली संस्थाच लागते. हे सीएला विचारून पक्कं करा. कार्बन क्रेडिटचं स्वप्न कोणी दाखवलं तर चाळीस एकरांत मोजणी-तपासणीचाच खर्च निघत नाही एवढं ध्यानात ठेवा. केंद्राची २०२३ची ग्रीन क्रेडिट योजना मुख्यतः ओसाड वनजमिनीवरच्या लागवडीभोवती फिरते, तुमच्या उभ्या रानाला तिचा आज उपयोग नाही.

तुमच्या अडीच लाखांची मांडणी मी अशी करेन. चाळीस एकरांना एकरी अडीच हजारांप्रमाणे एक लाख, त्यातले अर्धे जूनमध्ये पेरणी आणि शाळांच्या तोंडावर, अर्धे मेअखेर रान फिरून बघितल्यावर. राखणदार आणि जाळरेषा सत्तर हजार. उचलीचा निधी साठ हजार, पहिल्या वर्षी कोणी मागितली नाही तर तो तसाच पुढे जाऊ द्या. मोजणी, स्टॅम्प, येणं-जाणं वीस हजार. चाळीस एकर एकदम घेऊ नका. पहिल्या गणपतीत दोन घरं घ्या, पैसे वेळेवर येतात हे बाकीच्यांनी बघितलं की ते स्वतःहून विचारतील.

सध्या ठेकेदार कोणत्या घरी जास्त बसतो आणि त्याने कोणाला उचल देऊन ठेवलीय का, हे मात्र आजच फोन करून विचारा. दिली असेल तर त्या घराशी बोलताना आधी ती रक्कम फेडायची सोय करावी लागेल आणि वरचा सगळा हिशेब त्या घरापुरता बदलेल. सातबारे काढलेत की हिस्सेदारांची संख्या आणि 'इतर हक्क' रकान्यात काय आहे ते लिहा, पुढचं तेव्हा सांगतो.